क्वार्टरच्या मागच्या पायरीवर रोज सापसुरळी येते. विषारी असते का?

बदलीवाली · रविवार, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यात बदली होऊन आलापल्लीला आले. तालुका अहेरी, जिल्हा गडचिरोली. माहेर-सासर दोन्ही पुण्याचं, त्यामुळे पाल आणि कबुतर यांच्यापलीकडे घरात कोणाशी संबंध आलेला नाही. क्वार्टर बैठं आहे. मागे कंपाउंडची अर्धी ढासळलेली भिंत, आणि भिंत ओलांडली की साग सुरू. सध्या पानगळ चालू आहे. सकाळी अंगण झाडावं तर दुपारपर्यंत पुन्हा तेवढीच पानं.

मागच्या पायरीवर ऊन आलं की एक प्राणी येऊन बसतो. पालीपेक्षा बराच मोठा, शेपटी धरून वीतभराहून जास्त. रंग पितळी-तपकिरी, अंग तेल चोपडल्यासारखं चकाकतं. कुशीवर काळसर पट्टा आणि त्याच्या वरच्या कडेला फिकट पिवळी रेघ. मान अशी नाहीच, डोकं सरळ धडात गेलेलं. पाय आखूड. चाहूल लागली की पानांत अशी सळसळत शिरते की साप गेला असंच वाटतं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, ही सापसुरळी, सापाची मावशी, चावली तर माणूस पाणी मागत नाही. कामाला येणाऱ्या ताई म्हणाल्या, चावत नाही हो, चाटते, आणि चाटलं की चट्टे उठतात. ऑफिसात एकाने फिनाईल सांगितलं, दुसऱ्याने लसूण ठेचून ठेवायला सांगितलं. तिसरा नुसता हसला.

माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे आणि तिचा भातुकलीचा सगळा संसार त्याच पायऱ्यांवर मांडलेला असतो. तिला काही भीती वाटत नाही, उलट तिने नाव ठेवलंय, चमकी. भीती मला वाटते. तर प्रश्न असे: ही विषारी आहे का? हाकलायची कशी? आणि ती असली की मागोमाग साप येतो म्हणतात, ते खरं का?

दापोलीकर · रविवार, सकाळी १०.१५

आमच्याकडे गडग्याच्या प्रत्येक भोकात एक असते. आजीसुद्धा मावशीच म्हणायची, पण मावशीने कोणाला काही केल्याचं ऐकलं नाही. फारच भीती वाटत असेल तर मांजर पाळा, प्रश्न मिटला.

जाळरेषा · रविवार, दुपारी १.०५

ताई, आधी तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं देऊन टाकतो, मग बाकीचं. विषारी नाही. हाकलू नका. आणि साप तिच्या नात्यागोत्यासाठी येत नाही, आलाच तर तिला खायला येतो.

मी वनरक्षक म्हणून नोकरी केली, त्यातली बरीच याच पट्ट्यात, आलापल्ली, पेरमिली, भामरागड. आता निवृत्त आहे. शास्त्रातलं नावगाव इथे कोणीतरी सांगेलच, मी पायाखाली जे पाहिलं तेवढं सांगतो.

भारतात माणसाला विषबाधा होईल अशी पाल नाही, सरडा नाही, घोरपड नाही आणि सापसुरळीही नाही. सरड्यांच्या गोतावळ्यातले जे खरे विषारी आहेत, ते तिकडे मेक्सिको आणि अमेरिकेच्या वाळवंटाकडचे. आपल्याकडे 'पाणी मागत नाही' ही पदवी ज्याला त्याला वाटून झालेली आहे जी. मुठीत आवळून धरली तर मोठी सापसुरळी चिमटा काढेल, तो तर कोणीही काढील. साबणाने हात धुतला की विषय संपला. चाटून चट्टे उठत नाहीत. जीभ ती सारखी आत-बाहेर करते ते वास घेण्यासाठी. पानांच्या थरात काय दडलंय ते तिला डोळ्यांपेक्षा जिभेनं लवकर कळतं.

साप गेला की सापसुरळी गेली हे ओळखायचं ते आवाजावरून. फेब्रुवारी-मार्चमध्ये बीट, म्हणजे आमच्या वाट्याचा जंगलाचा तुकडा, फिरताना पायाखाली सगळा सागाचा पाला, आणि वाळलेलं सागाचं पान असं वाजतं की दोन बोटांएवढा जीव गेला तरी रानडुक्कर गेल्याचा भास व्हावा. साप गेला की आवाज सलग येतो, ओढल्यासारखा, आणि हळूहळू लांब जातो. सापसुरळीचा तुटक. खस्स, थांबली. पुन्हा खस्स, थांबली. मग एकदम गप्प, कारण ती फार लांब जातच नाही, पुढच्याच पानाखाली बसून तुमच्याकडे बघत असते. नवीन पोरं बीटवर आली की पहिले आठ दिवस या आवाजाने दचकून मरायची.

आता ती तुमच्याच पायरीवर का येते? या जिवांचं रक्त बाहेरच्या हवेप्रमाणे थंड-गरम होतं. फेब्रुवारीत आपल्याकडे पहाट चांगली गार. अंग तापल्याशिवाय तिला नीट पळता येत नाही आणि खाल्लेलं पचत नाही. सिमेंटची पायरी लवकर तापते, वर उघडी, खाली लपायला पानं, आणखी काय पाहिजे? एखाद्या सकाळी दाराच्या आतूनच नीट बघा. आधी नुसतं डोकं बाहेर काढते. मग पुढचे पाय. मग सगळं अंग पायरीला चिकटवून पसरते, चपटी होते, आणि ऊन चांगलं लागलं की डोळे मिटते. हो, पापण्या मिटते. सापाला पापणी नाही, कानाचं भोक नाही. हिला दोन्ही आहेत, डोळ्यामागे जरा अंतरावर कानाचं भोक स्पष्ट दिसतं. एवढं एकदा पाहिलं की सापाची मावशी वगैरे डोक्यातून जातं.

उन्हाचा कडाका वाढला की सावलीत. अंधार पडायच्या आत दगडाखाली, बुंध्याच्या ढोलीत नाहीतर वारुळाच्या बाजूच्या भेगेत. पाल रात्रपाळी करते, ही दिवसपाळी. रात्री तुम्हाला अंगणात काही सळसळलं तर ती ही नव्हे, हे लक्षात ठेवा.

खाणं म्हणाल तर नाकतोडे, झुरळं, रातकिडे, कोळी, अळ्या, गांडूळ. मृगाच्या पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटून ती जमिनीतून बाहेर पडते ना, तेव्हाची मजा एकदा नाक्यावर बसून पाहिली होती. एक चांगली जाडजूड सापसुरळी भोकाच्या तोंडाशीच येऊन बसली. एक वाळवी बाहेर आली की मान फिरवून गट्ट, दुसरी आली की गट्ट, कुठे धावपळ नाही. पंख तेवढे ओठांना चिकटायचे. मग ती जबडा जमिनीला घासायची, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, पंख पुसून टाकायची आणि पुन्हा तोंड भोकाकडे. पोट इतकं फुगलं की निघताना पाय जमिनीला धड टेकत नव्हते.

आता सापाचं. आपल्याकडे कवड्या नावाचा बिनविषारी साप आहे, पाली आणि सापसुरळ्या हे त्याचं आवडतं जेवण. मावशीला गिळणारा भाचा म्हणा. अंगावरच्या पट्ट्यांमुळे लोक त्याला मण्यार समजून मारतात. खरी मण्यारही कधीमधी सापसुरळी खाते, पण मण्यार माणसाच्या घरात येते ती तिच्यासाठी नव्हे. उंदीर, पाली, दुसरे साप, भिंतीतली भोकं, कारणं पुष्कळ आहेत. तुम्हाला काळजी करायचीच असेल तर ती रात्रीची करा. लेकराला खाली झोपवू नका. खाट, मच्छरदाणी, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचलेल्या. मण्यार चावलेली पुष्कळदा कळतसुद्धा नाही. आणि कशाने चावा घेतला ते दिसलं नसेल तर 'सापसुरळीच असेल' म्हणून घरी बसू नका. सरळ दवाखाना गाठा.

दापोलीकर भाऊ, मांजराचं राहू द्या हो. जंगलाच्या काठाला आणखी एक शिकारी कशाला.

खवलेमोज्या · रविवार, रात्री ८.३०

जाळरेषा काकांच्या उत्तरानंतर फार काही उरत नाही, पण नावगाव माझ्याकडे सोपवलंय म्हणून लिहितो. मी पुण्यात प्राणिशास्त्र शिकतो, सरपटणारे प्राणी हा विषय. आमचं निम्मं काम म्हणजे भिंगाखाली खवले मोजणं.

तुमच्या वर्णनावरून, म्हणजे आकार, पितळी पाठ, काळसर कूस आणि वरची पिवळट रेघ यावरून, ही बहुतेक यूट्रोपिस कॅरिनाटा. श्नायडर या जर्मन अभ्यासकाने १८०१ मध्ये तिचं वर्णन केलं. भारतातली सगळ्यांत जास्त दिसणारी सापसुरळी हीच. पूर्ण वाढली की शेपटीसकट फुटाच्या जवळ जाते. लांबून ती गुळगुळीत वाटते, पण पाठीचा एकेक खवला भिंगातून बघितला तर त्यावर तीन उभ्या धारा असतात. खवल्यांच्या आत हाडाच्या पातळ चकत्या असतात, त्यामुळे हातात घेतली तर पालीसारखी मऊ लागत नाही, घट्ट आणि निसटती लागते. वीणीच्या हंगामात नराच्या कुशीवर ओठापासून मागच्या पायापर्यंत लालभडक पट्टा येतो. तेव्हा लोक तिला हमखास 'नवी विषारी जात' म्हणून फोटो टाकतात.

हिची धाकटी बहीण यूट्रोपिस मॅक्युलारिया. अंगाने लहान, खवल्यावर धारा तीनपेक्षा जास्त, कुशीवर पांढरे ठिपके. कॅरिनाटा गावात, शेतात, बागेत कुठेही दिसते. मॅक्युलारिया मात्र जंगलातल्या पाचोळ्यात जास्त.

आणि आता खरी गोष्ट. बदलीवाली ताई, तुमच्या गावाच्या नावाची एक सापसुरळी आहे! यूट्रोपिस अलापल्लेन्सिस.

झालं असं की १९२५ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची दोन मुलं, थिओडोर धाकटे आणि कर्मिट, शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी आशियात मोहिमेवर आली. मोहिमेचं मुख्य लक्ष्य होतं पामीर आणि तिएनशानकडची मोठ्या शिंगांची रानमेंढरं. म्युझियमला मोठी जनावरं हवी होती, पण अशा मोहिमांत बेडूक, सरडे, साप असं किरकोळ सामानही गोळा होत असे. त्यातच आलापल्लीच्या जंगलातली ही चिमुकली सापसुरळी शिकागोला पोचली. तिथल्या कार्ल पॅटरसन श्मिट यांनी ती तपासली, वेगळी जात आहे असं ठरवलं आणि १९२६ मध्ये तिला आलापल्लीचं नाव दिलं. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. तुमचं गाव तेव्हा चांदा जिल्ह्यात.

या श्मिट यांचा शेवट सर्पअभ्यासकांत प्रसिद्ध आहे. सप्टेंबर १९५७ मध्ये शिकागोच्या प्राणिसंग्रहालयातून ओळख पटवण्यासाठी एक लहान साप त्यांच्याकडे आला. आफ्रिकेतला बूमस्लँग. हाताळताना तो अंगठ्याला चावला. एवढ्याशा पिलाच्या चाव्याने काही होणार नाही असं समजून ते घरी गेले आणि काय काय होतंय ते वेळेसकट वहीत लिहीत राहिले, ताप किती, रक्त कुठून येतंय. दुसऱ्या दिवशी ते गेले. काकांनी 'सरळ दवाखाना गाठा' लिहिलंय, ते सापांत आयुष्य घालवलेल्या माणसालाही लागू होतं.

अलापल्लेन्सिसच्या नोंदी नंतर पश्चिम घाटातही झाल्या. पण ती आणि मॅक्युलारिया यांत फोटोवरून फरक करणं भल्याभल्यांना जमत नाही, खवले मोजावेच लागतात. त्यामुळे तुमच्या पायरीवरची चमकी गाववाली आहे असा दावा मी करणार नाही, आकार बघता नाहीच. पण भिंतीपलीकडच्या पाचोळ्यात जी बारीक, मळकट, दिसली न दिसली अशी पळते, ती असू शकेल.

पुण्याचं नाव मिरवणारीही एक आहे, यूरीलेपिस पूनाएन्सिस, १९७० मध्ये वर्णन झालेली. म्हणजे तुम्ही एका सापसुरळीचं गाव सोडून दुसरीच्या गावी गेलात.

बदलीवाली · मंगळवार, सायंकाळी ७.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, डोळे मिटताना पाहिलं! खालची पापणी वर येते, आपल्या उलट.

पण आज गोंधळ झाला. मांजर मी पाळलं नाही, ते शेजाऱ्यांकडे आधीच आहे. सकाळी त्याने चमकीवर झडप घातली. चमकी भिंतीच्या भोकात गेली आणि शेपटी मांजराच्या पंज्यात राहिली. ती शेपटी नुसती पडून नव्हती, उड्या मारत होती! मांजर तिच्याशी खेळत बसलं, मुलगी किंचाळली, मी किंचाळले. रक्त म्हणावं तर एखादा थेंब. मुलगी सकाळपासून विचारतेय की चमकीला डॉक्टरकडे कधी न्यायचं. ती जगेल का?

शिवाय कुंडी हलवली तर खाली आणखी एक निघाली. गांडुळापेक्षा थोडी जाड, पाय इतके बारीक की आधी दिसलेच नाहीत, अंगावर काळ्या बारीक रेघा, आणि शेपटी चक्क लाल. हे चमकीचं पिल्लू का?

जाळरेषा · मंगळवार, रात्री ९.१०

लेकराला सांगा, चमकीचा डॉक्टर चमकीच आहे. भोकात गेली म्हणजे बहुतेक वाचली.

शेपटी मांजराने तोडली नाही, हिने सोडली. शेपटीच्या मणक्यांत मुळातच चिरा असतात. धरलं गेलं की ती तिथले स्नायू आवळते आणि त्या चिरेवर शेपटी सुटते. रक्तवाहिन्याही लगेच आवळल्या जातात, म्हणून तुम्हाला थेंबभरच रक्त दिसलं. सुटलेली शेपटी काही मिनिटं वळवळते, शिकारी तिच्याकडे बघत बसतो, मालकीण पसार. बरं, तुमचं मांजर खेळत बसलं. शिक्रा असता तर शेपटीही खाऊन गेला असता.

नवी शेपटी येईल, पण पहिल्यासारखी नाही. आत मणके नसतात, सरळ कूर्चेचा दांडा असतो. रंग जरा वेगळा, लांबी थोडी कमी, खवल्यांची मांडणी बदललेली. पुढच्या पावसात बघाल तर जोड कुठे आहे ते ओळखू येईल. नव्या भागात चिरा नसल्यामुळे पुढच्या वेळी तुटली तर जोडाच्या वर, जुन्या भागातच तुटणार. म्हणजे हा डाव मोजक्याच वेळा खेळता येतो. आणि फुकट नाही तो. शेपटीत तिची चरबी साठवलेली असते, ती गेली की काही दिवस खाणं वाढवावं लागतं आणि वाढवायचं तर उघड्यावर यावं लागतं. तुम्हाला ती पायरीवर जास्त दिसेल आता. मांजर तेवढं आवरा.

कुंडीखालची चमकीची पोर नाही. ती वेगळी जात, खवलेमोज्या नाव सांगेल. कुंडी जशी होती तशी हळूच ठेवून द्या.

खवलेमोज्या · मंगळवार, रात्री ९.४५

रिओपा पंक्टाटा, तिचं पिल्लू. जमिनीत आणि पाचोळ्याच्या तळाशी राहणारी सापसुरळी. लाल शेपटी लहानपणीच असते, मोठेपणी रंग जातो. शिकाऱ्याची नजर डोक्याऐवजी शेपटीकडे जावी म्हणून हा भडकपणा, असा समज आहे. लोक हिला सापाचं पिल्लू समजून चपलेने मारतात.

पिल्लांवरून आठवलं. आपल्याकडच्या कॅरिनाटा आणि मॅक्युलारिया अंडी घालतात आणि बहुधा निघून जातात. पण याच यूट्रोपिस गटातल्या लाँगिकॉडाटाची तैवानजवळच्या ऑर्किड बेटावरची मादी अंड्यांवर पहारा करते. तिथे अंडी खाणारा एक कुकरी साप आहे, तो आला की ही त्याच्यावर धावून जाते आणि हुसकावून लावते. सापाची मावशी म्हणे!

नागपुरी_संत्रं · बुधवार, सकाळी ८.५०

वाचून मजा आली. काका, तुमचं टोपणनाव जाळरेषा म्हणून विचारतो. मोहाचा हंगाम येतोय, जंगलं पेटणार. या जमिनीवरच्या जिवांचं तेव्हा काय होतं?

जाळरेषा · बुधवार, दुपारी २.३०

भाऊ, नेमका हाच विषय माझ्या पोटात होता.

मोहफूल पहाटे गळतं. खाली पाला असला की पिवळसर फूल दिसत नाही, म्हणून लोक झाडाखालचा पाला आदल्या दिवशी पेटवतात. तेवढाच जळला तर एक वेळ चाललं असतं. पण मार्च-एप्रिलचा वारा, वर सागाचा वाळलेला पाला, आग झाडाखाली थांबत नाही. पुढे तेंदूचा हंगाम, कोवळी पानं चांगली फुटावीत म्हणून आणखी आग. आमच्या खात्याचा वणव्याचा हंगामच १५ फेब्रुवारी ते १५ जून.

सापसुरळी जाळात सापडतेच असं नाही. वारूळ, दगडाची कपार, बीळ जवळ असेल तर ती आत शिरते आणि वरून आग निघून जाते. वरच्या आगीने जमीन दोनचार बोटं खाली फार तापत नाही. मरतात त्या कपार न मिळालेल्या, आणि पाचोळ्यात नाहीतर कुजक्या ओंडक्यात घातलेली अंडी. पण मी म्हणतो ते त्यानंतरचं. आगीच्या पुढे पुढे कोतवाल आणि नीलकंठ हे पक्षी हजर असतात, पळणारा किडा आणि पळणारी सापसुरळी दोन्ही टिपायला. आग गेली की जमीन काळी, उघडी. काळ्या राखेवर पितळी अंग किती लांबून दिसत असेल? सावली गेली, ओल गेली, किडे गेले. बिळातून बाहेर आलेल्या सापसुरळीला लपायला पान नाही आणि खायला रातकिडा नाही. जंगलाच्या जळालेल्या कंपार्टमेंटमध्ये, म्हणजे तुकड्यात, दुसऱ्या दिवशी फिरा, पायाखाली आवाजच येत नाही. मला त्याची जेवढी चीड यायची तेवढी पेटलेल्या झाडाची येत नसे. वाघ गेला तर पेपरात येतं. पाचोळा गेला तर साहेब विचारतात, झाड किती जळालं? झाड जळालं नाही साहेब. बरं मग, 'नुकसान निरंक'.

नागपुरी_संत्रं · बुधवार, दुपारी ३.१०

पटतं, पण मोह वेचणाऱ्या गरीब माणसाला बोल लावणं सोपं आहे. त्याच्या घरात वर्षाचं मीठमिरची त्यावर येतं. आणि जाळरेषा तर खातंही जाळतं!

जाळरेषा · बुधवार, सायंकाळी ६.००

जाळतं ना, म्हणून तर नाव घेतलं. पण ती आखलेली पट्टी असते, हंगामाच्या आधी, माणसं उभी करून जाळलेली, पुढची आग तिथे अडावी म्हणून. तिच्यातही जीव जातात, नाही म्हणत नाही.

आणि बोल मी वेचणाऱ्याला लावत नाही. त्याला पाला जाळायची हौस नाही, फूल दिसायला हवं एवढंच. काही घरांनी झाडाखाली जुनी लुगडी, जाळ्या अंथरायला सुरुवात केली आहे. फूल स्वच्छ मिळतं, माती-राख लागत नाही, भावही जरा बरा येतो. जिथे जाळ्या पोचल्या तिथे आग कमी झालेली मी पाहिली आहे. झाडं लांब लांब असली की मात्र एवढ्या जाळ्या कोण वाहून नेणार, हा त्यांचा सवाल खरा आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पाचोळा न जळता वर्षानुवर्षं राहिला तर कसा दिसतो ते बघायचं असेल तर बदलीवाली ताई, तुमच्या जवळच ग्लोरी ऑफ आलापल्ली आहे, राखून ठेवलेला जुन्या झाडांचा तुकडा. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, राज्यात पहिला. सगळे मान वर करून सागाचे बुंधे बघतात. तुम्ही लेकराला घेऊन जा आणि दोघी खाली बघा.

बदलीवाली · बुधवार, रात्री ८.४५

जाणारच. पण आधी घरचंच विचारते. कंपाउंड झाडायला येणारे दादा दर रविवारी सगळा पाला गोळा करून भिंतीशी पेटवतात, आणि चमकी त्याच भिंतीत राहते. त्यांना मी उद्याच थांबवते. पण मग एवढा पाला टाकू कुठे? दाराशी ढीग ठेवायची हिंमत नाही माझी.

जाळरेषा · बुधवार, रात्री ९.२०

दाराशी नाहीच ठेवायचा. घराची भिंत आणि पायऱ्या चार-पाच हात मोकळ्या ठेवा, झाडून लख्ख. ढीग कंपाउंडच्या त्या टोकाला, ढासळलेल्या दगडांजवळ. त्यात उष्टं-खरकटं अजिबात टाकू नका, नाहीतर उंदीर येतील आणि उंदरामागे साप. नुसता पाला असू द्या, वर अधूनमधून पाणी मारा, पुढच्या वर्षी कुंड्यांना खत होईल.

आता जो ढीग भिंतीशी आहे तो हलवायचा असेल तर सकाळी सकाळी नको. ऊन चढू द्या, दहानंतर हलवा, म्हणजे आतल्यांच्या अंगात पळण्याएवढी ऊब आलेली असते. फावडं घालू नका. दाताळ्याने वरून थोडं थोडं ओढा. तळाशी बोराच्या आठळीहून मोठी, लांबट, पांढरी, मऊ सालीची अंडी दिसली तर हात लावून उलटीपालटी करू नका, आतलं पिल्लू मरू शकतं. आहेत तशीच वर पाला लोटा आणि तेवढा कोपरा पावसाळा संपेपर्यंत सोडून द्या.